मौन मोडलेली मंगळागौर

“डावा हात पुढे कर,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डबीतून वाकी काढली.

मी उजवा हात पुढे केला.

“डावा म्हटलं मी, शर्वरी.”

“उजव्या दंडात घालते ना, आई. वाकी काय, कुठल्याही हातात शोभते.”

“शोभेसाठी घालत नाहीये,” त्या म्हणाल्या. आरशात आमची नजरानजर झाली. वाकी कशासाठी होती ते आम्हा दोघींनाही चांगलं ठाऊक होतं.

माझ्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला एक पांढरा, गोल सेन्सर चिकटवलेला असतो. तेव्हाही होता, आजही आहे. मला अकराव्या वर्षापासून मधुमेह आहे. माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून मी ते टोचून घेते. सेन्सरची केसाएवढी तार कातडीखाली असते आणि ती रक्तातल्या साखरेचा अंदाज सतत मोबाइलवर पाठवत राहते. साखर फार खाली गेली की मोबाइल बोंब ठोकतो. एवढंच. यात लपवण्यासारखं मला कधीच काही वाटलं नाही. निनादच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेतानाच मी हे सांगून टाकलं होतं. सासू-सासऱ्यांनी ऐकलं, दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही.

पण होकार देताना त्यांनी एक गोष्ट परस्पर ठरवून टाकली होती. कुमुदआत्यांना हे सांगायचं नाही.

कुमुदआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. साताऱ्याच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण घंटा त्यांच्या डोक्यात अजून वाजत होती. कऱ्हाडला आल्या की वाळिंब्यांचं अख्खं घर वर्गात बसल्यासारखं बसायचं. सासूबाई तर लग्नाला तीस वर्षं होऊनही त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकायच्या. माझ्या पहिल्या मंगळागौरीला आत्या आदल्या दिवशीच येऊन दाखल झाल्या होत्या.

“आई, सेन्सरवर काही दाबून बसलेलं चालत नाही,” मी म्हटलं. “तिथे दाब पडला की आकडे चुकतात. डाव्या कुशीवर झोपले तरी ते कधीकधी उगाच साखर कमी दाखवतं.”

“वाकी सैल आहे.”

“आणि ही बाही? कोपरापर्यंत शिवून घेतलीत ती? शिंप्याने माप माझं घेतलं की केतकीच्या बाहुलीचं?”

दारात उभी असलेली केतकी, म्हणजे माझी नणंद, फिस्सकन हसली. सासूबाई हसल्या नाहीत. “आजचा एकच दिवस,” त्या म्हणाल्या. “वन्सं संध्याकाळी जातील. मग काढ आणि गावभर मिरव.”

“मंगळागौर पाच वर्षं असते, आई. आज लपवलं तर पुढची चार वर्षं काय सांगायचं?”

“पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. शर्वरी, ऐक ना माझं.”

आता मी मुळात हट्टी. इचलकरंजीत थाळीफेकीत नाव काढलेली, विद्यापीठापर्यंत जाऊन आलेली. पण लग्नानंतरच्या पाच महिन्यांत मला या घरात भरलेली बादलीसुद्धा कुणी उचलू दिली नव्हती. “सांभाळून गं,” “राहू दे गं,” “तू बस, मी करते.” स्टुलावर चढले की खाली दोन माणसं हात पसरून उभी. प्रेमानेच करायचे सगळे, आणि त्या प्रेमाने मला अगदी गुदमरायला व्हायचं. त्या दिवशीही मी भांडले असते. पण सासूबाई पहाटेपासून पुरणाशी झटत होत्या आणि त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता, विनवणी होती. हुकूम मला मोडता येतो. विनवणीपुढे माझं काही चालत नाही.

मी डावा हात पुढे केला. त्यांनी बाहीवरून, बरोबर सेन्सरवर, वाकी चढवली आणि मळसूत्र फिरवलं. जेवढं फिरतं त्याहून एक फेरा जास्तच.

पूजा छान झाली. सोळा प्रकारची पत्री, केवड्याचा वास, आणि आमच्या आरतीत आत्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. मग जेवण. मंगळागौरीच्या जेवणात एक रीत असते. नव्या नवऱ्या, ज्यांना वशेळ्या म्हणतात, त्यांनी ओळीने बसून मुकाट्याने जेवायचं. पान संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. आम्ही पाचजणी होतो. मी, माझी चुलतजाऊ जुई आणि शेजारपाजारच्या तिघी. मी आतल्या खोलीत जाऊन पुरणपोळीच्या हिशेबाने इन्सुलिन घेतलं, मोबाइल केतकीकडे दिला आणि पाटावर येऊन बसले.

“मौन म्हणजे मौन,” आत्यांनी बजावलं. “खाणाखुणासुद्धा नकोत. माझ्या पहिल्या मंगळागौरीला ठसका लागला तरी मी आवाज काढला नव्हता.”

मी पहिला घास घेतला. पोळी अशी झाली होती की बोलायची इच्छाच होऊ नये. अर्धी पोळी पोटात गेली असेल नसेल, तोच केतकीच्या हातातल्या मोबाइलने बोंब ठोकली.

तो आवाज ज्यांनी ऐकला नसेल त्यांना सांगून कळणार नाही. आग लागल्यासारखा वाजतो. बायका दचकल्या. वाढायला आलेल्या सासूबाईंच्या हातातली तुपाची वाटी हिंदकळली.

“वहिनी, साठच्या खाली!” केतकी ओरडली. “आणि बाण खाली!”

मी स्वतःकडे लक्ष दिलं. साखर खरोखर खाली जाते तेव्हा मला आधी घाम फुटतो, मग बोटं थरथरतात, मग जीभ जड होते. इतक्या वर्षांत त्या पाहुण्यांना मी चांगली ओळखते. त्यातलं कुणीही आलेलं नव्हतं. दंड मात्र वाकीखाली ठणकत होता. एका क्षणात माझ्या लक्षात आलं. सेन्सर दाबला गेला होता आणि बिचारा खोटं बोलत होता.

मी मान हलवली. नाही, नाही, काही नाही.

“मान हलतेय तिची!” कुणीतरी किंचाळलं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. निनादचा. माझे आकडे त्याच्याही मोबाइलवर जायचे. सासूबाईंचे हात तुपाचे, त्यांनी गडबडीत कोपराने स्पीकर लावला आणि निनादचा आवाज सगळ्या पंगतीला ऐकू गेला. “आई, शर्वरीची साखर पडलीय! चोपन्न! तिने इन्सुलिन घेतलंय, ती बेशुद्ध पडेल! काय वाट्टेल ते कर, तिला साखर दे!”

झालं. जे आत्यांपासून लपवायला सोन्याची वाकी चढवली होती, ते चिरंजीवांनी ऑफिसात बसून चव्हाट्यावर मांडलं.

“इन्सुलिन?” आत्या म्हणाल्या.

पण त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. सासूबाईंनी साखरेचा डबाच उचलून आणला. एकीने माझं डोकं धरलं, दुसरीने पाठ. सासूबाईंनी साखरेची मूठ माझ्या तोंडाशी आणली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. इन्सुलिन मोजून घेतलेलं, पोळी मोजून खाल्लेली, त्यावर ही साखर कुठे मुरवायची?

“दातखीळ बसली!” पाठ धरलेली बाई म्हणाली. “चमचा आणा, चमचा!”

मी हाताने वाकीकडे खूण केली. “हात वाकडा होतोय!” तीच बाई म्हणाली. माझ्या शेजारी जुई डोळे वटारून बसली होती. तिला बिचारीलाही बोलता येईना. ती नुसती माझ्याकडे आणि पोळीकडे आळीपाळीने बोट दाखवत होती. चमचा आला. माझ्या दातांवर तो खडखड वाजायला लागला, साखरेचा निम्मा चमचा नाकाखाली सांडला, निम्मा आत गेला, आणि माझं डोकं फिरलं. पंधराएक बायका मला बघत होत्या आणि माझ्याकडे बघत एकही नव्हती. मोबाइलला विचारलं, निनादला विचारलं, माझ्या मानेला, हाताला, दातांना विचारलं. मला सोडून.

मी चमचा हाताने बाजूला केला आणि मोठ्याने म्हटलं, “मला काहीही झालेलं नाही! सोडा मला!”

डोकं आणि पाठ धरलेले हात एकदम सुटले.

“मौन मोडलं,” आत्या म्हणाल्या. “पहिल्याच मंगळागौरीला.”

“मोडलं,” मी म्हटलं. “आता मोडलंच आहे तर सगळंच बोलते. केतकी, माझ्या पर्समधून ते बोटाला टोचायचं मशीन आण. आणि कात्री.”

“कात्री कशाला?” सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या मुठीतली साखर अजून मुठीतच होती.

केतकी पळत मशीन आणि कात्री घेऊन आली. डावा हात स्वच्छ होता. मी सगळ्यांदेखत बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पट्टीला लावला. आत्या पुढे झाल्या, चष्मा नाकावर चढवून त्यांनी स्वतः आकडा वाचला.

“एकशे बावन्न.”

“जेवताना एवढी असायचीच. मी ठणठणीत आहे,” मी म्हटलं. “सेन्सर चुकलेला नाही, त्याचा गळा दाबलाय.” मी वाकीचं मळसूत्र फिरवून ती काढली आणि पाटाजवळ ठेवली. दंडावर लाल वळ उठला होता. मग मी कात्री घेतली.

“शर्वरी,” सासूबाई हळूच म्हणाल्या, “त्या खणाला कात्री लावायची नाही. मी धारवाडहून मागवलाय तो.”

“मग इतकी घट्ट बाही शिवायची नव्हती, आई.”

मी खांद्याच्या खाली चार बोटांवर कात्री लावली. डाव्या हाताची बाही, उजव्या हाताने, पाटावर बसल्या बसल्या, वाकडीतिकडी कापत गेले. खणाचा आवाज होतो कापताना. शेवटचा धागा तोडला, बाहीचा तुकडा खाली टाकला आणि हात वळवून दंड सगळ्यांसमोर धरला. पांढरा सेन्सर तिथे आपला शांत बसला होता.

निनादचा फोन अजून चालू होता. “आई? काय झालं? कुणीतरी बोला!”

“तुझी बायको बोलतेय,” मी म्हटलं. “ठेव फोन. जेवू दे मला.”

आत्यांनी समोरची खुर्ची ओढून घेतली आणि चौकशीला बसल्या. “हे कधीपासून?”

“अकराव्या वर्षापासून.”

“सुनंदा, तुला ठाऊक होतं?”

सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. “होतं.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

आत्या माझ्याकडे वळल्या. “आयुष्यभर हे असंच? पुढे मुलंबाळं व्हायची म्हटलं तर?”

“हो, आयुष्यभर. मुलांचं मी आणि निनाद डॉक्टरांना विचारून ठरवू. तुम्हाला बारशाचं आमंत्रण मिळेल,” मी म्हटलं. “जुई, जरा तूप सरकव. पोळी गार होतेय.”

जुईने मौन न मोडता तूप सरकवलं. मी उरलेली पोळी चवीने, सगळ्यांच्या देखत संपवली. थोड्या वेळाने मोबाइलही शुद्धीवर आला आणि खरं बोलायला लागला. अर्धा चमचा साखर पोटात गेली होती, त्यामुळे आकडा जरा वर होता. तो मला परवडणारा होता.

सासूबाईंनी मात्र पडलेला बाहीचा तुकडा उचलला, झटकला, घडी केली आणि माझ्याकडे न बघता त्या आत निघून गेल्या. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप वाईट वाटलं. पण केलं त्याचा पश्चात्ताप तेव्हाही झाला नाही आणि आज आठ वर्षांनीही होत नाही.

हल्ली जागरण कोण करतं? जेवणं उरकली की दुपारीच खेळ. सतरंज्या गुंडाळल्या, खुर्च्या भिंतीकडे गेल्या. मी आत जाऊन दंडावरचा घाम पुसला, कोरडा केला. दाबाने सेन्सरची एक कड सुटत आली होती, तिच्याभोवती चिकटपट्टीचं कडं लावलं. बोटाने हलवून पाहिलं. घट्ट बसलं होतं आणि कुठे दाबत नव्हतं. साखर पाहिली, ठीक होती. पदर खोचला आणि बाहेर आले.

बाहेर फुगड्या सुरूही झाल्या होत्या. माझ्या मंगळागौरीला, माझ्याशिवाय. केतकी आणि जुई गरागरा फिरत होत्या, बायका तोंडाने ‘पक पक’ असा पकवा घालत होत्या. ती जोडी थांबली तशी मी मधोमध जाऊन उभी राहिले, हातांची तिढी घातली आणि ते पुढे केले.

“माझ्याशी कोण?”

कुणीच हललं नाही. जुईने धाप लागल्याचं निमित्त केलं. शेजारची एक वशेळी म्हणाली, “अगं, नको. तुला मध्येच काही झालं तर आमच्या डोक्यावर.” दुसरी आपल्या बांगड्या मोजायला लागली. केतकी पुढे आली, तर आत्यांनी तिला हाताला धरून खाली बसवलं.

“नव्या नवरीने बसून बघितलं तरी चालतं,” आत्या म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता, उलट मऊ होता, आणि तेच मला जास्त झोंबलं. “तुझ्या जिवाला जपायला हवं, बाळ. टाळ्या वाजव.”

“माझी मंगळागौर आहे, आत्या. मी खेळणार.”

“एकटी?”

“हात पुढे केलेत. कुणी धरेपर्यंत उभी आहे.”

आणि मी उभी राहिले. बायका एकमेकींकडे बघत होत्या. हात पुढे धरून उभं राहणं दिसतं तेवढं सोपं नाही, खांदे भरून येतात. त्याहून कठीण म्हणजे तोंड हसरं ठेवणं. फुगडी एकटीने घालता येत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी, त्या खोलीत कळला. त्या क्षणी मी हात खाली घेतले असते तर मग कायमची मला त्या घरात टाळ्या वाजवायला बसवलं असतं. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. मी ते येऊ दिलं, हात खाली घेतले नाहीत.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई दिसल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी पदराला हात पुसले, पदर कमरेला खोचला आणि सरळ चालत माझ्यासमोर आल्या. चेहऱ्यावर राग तसाच.

“हट्ट सोडायचा नाही, असंच ना?”

“नाही सोडणार.”

“खणाचे तुकडे केलेस माझ्या.”

“केले.”

“वन्संसमोर मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.”

“तुम्ही मला हात दाखवायला तरी ठेवली होती का, आई?”

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. तिढी घालून त्यांनी माझे हात धरले.

आम्ही फिरायला लागलो. म्हणजे फिरायला कसल्या, नुसते पाय घासत होतो. सासूबाई ताठ उभ्या राहून लहान लहान पावलं टाकत होत्या, भरलेलं दुधाचं पातेलं नेतात तसं मला नेत होत्या. “सांभाळून,” त्या म्हणत होत्या. “हळू. सांभाळून गं.”

“आई, मागे रेला.”

“तू पडशील.”

“तुम्ही रेलला नाहीत तर पडेन. दोघींनी सारखं रेलायचं असतं, तरच फिरते फुगडी.”

“सुनंदा!” आत्या खुर्चीतून अर्धवट उठल्या. “वय काय तुझं? आणि ती आजारी पोर, तिच्या अंगावर—”

“वन्सं, जरा थांबा,” सासूबाई म्हणाल्या. त्या घरात आत्यांना थांबा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि बहुधा आत्यांनीही. “आमची फुगडी चाललीय.”

असं म्हणून त्या मागे रेलल्या.

सासूबाईंचं वजन काही कमी नव्हतं. ते सगळंच्या सगळं एकदम माझ्या मनगटांवर आलं, खांद्यांत गेलं, पाठीत गेलं. माझे पाय जमिनीत रुतल्यासारखे घट्ट झाले आणि आमच्या भोवती खोली फिरायला लागली. मला इतका आनंद झाला की रडू फुटलं. पाच महिने त्या घरात सगळे मला सांभाळत होते. माझ्यावर भार मात्र कुणीच टाकला नव्हता. कुणीतरी तो टाकावा एवढंच मला हवं होतं, आणि ते मलासुद्धा तोवर कळलं नव्हतं.

समोर सासूबाईंचा अंबाडा सुटला होता, त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे घट्ट मिटलेले होते.

“नीट धरलंयस ना?” त्यांनी विचारलं.

“धरलंय, आई.”

“मग जोरात फिरव,” सासूबाई म्हणाल्या.